पुन्हा पहिली

गुजरातेत माध्यमिक शाळा नववीपासून धरतात. त्यामुळे वडोदऱ्यातल्या हरणीच्या सोसायटीतला, मिसरूड फुटू लागलेला मराठी मुलगाही जूनमध्ये पुन्हा ‘नवा’ ठरतो. वडोदऱ्यात प्रतापगंजला येशूसंघाची, म्हणजे जेझुइटांची, रोझरी शाळा आहे; पण कॅथलिक शाळांतल्या या नवेपणाचा माग काढायचा तर गाडी पकडून मुंबईला, धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलपर्यंत जावे लागते.

मुलांची ही शाळा जर्मन जेझुइट फादरांनी 1869 साली सुरू केली. मुंबई विद्यापीठ तेव्हा बारा वर्षांचे होते आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा होऊन दहा वर्षे झाली होती. मुंबई इलाख्यात शाळेचा हिशेबच वेगळा असे. मराठी चार-पाच इयत्ता उतरलेला मुलगा हायस्कुलात गेला की त्याची ‘इंग्रजी पहिली’ सुरू होई आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. घरी पाढे, मोडी, व्यवहारी अपूर्णांक येणारा मुलगा एका सकाळी पुन्हा मुळाक्षरांपाशी येऊन बसे. हा अपमान की संधी, हे बहुधा मास्तरांवर ठरत असावे.

फादरांकडे मात्र या पहिल्या वर्षासाठी तयार शिस्त होती. येशूसंघाने 1599 साली ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ ही आपल्या शाळांची नियमावली पक्की केली. तिच्यात सर्वांत खालचा वर्ग व्याकरणाचा. आदल्या दिवशीचा धडा म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा नाही. वर्गाचे दोन पक्ष, रोम आणि कार्थेज. आणि प्रत्येक मुलाला समोरच्या पक्षातला एक ठरलेला प्रतिस्पर्धी, त्याच्या चुका पकडणारा. छडीपेक्षा ईर्ष्येवर भिस्त ठेवणारी ही पद्धत मला हुशार वाटते, थोडी निष्ठुरही. जेझुइट शाळांत वहीच्या पानावर ‘ए. एम. डी. जी.’ लिहिण्याचा रिवाज होता. देवाच्या अधिक मोठ्या गौरवासाठी, असा त्या लॅटिन अक्षरांचा अर्थ. पानावर आधी ‘श्री’ काढणाऱ्या मराठी पोराला यात परके वाटण्याचे कारण नव्हते.

भाषेचे मात्र त्रांगडे होते. विद्यापीठाच्या मॅट्रिकला लॅटिन, संस्कृत, फारसी अशा दुसऱ्या भाषा चालत, त्यामुळे मुलाची वाट पुष्कळदा त्याच्या घराण्यावरून ठरे. गंमत अशी, की मराठी येशूसंघाला परकी नव्हती: त्याच्याच फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात 1616 साली मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले होते.

पहिल्या महायुद्धात जर्मन फादर शत्रुराष्ट्राचे ठरले, स्थानबद्ध झाले, मायदेशी पाठवले गेले. 1920च्या दशकात त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. पुढे मॅट्रिक विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली, तिची एस.एस.सी. झाली. सुनील गावसकर याच शाळेचे, हे सांगितल्यावाचून झेवियर्सचा विषय कुणी संपवत नाही, म्हणून सांगितले.

माझ्या मते या साऱ्या वाटचालीतली सर्वांत महत्त्वाची तारीख कुठल्याही शाळेच्या कोनशिलेवर सापडणार नाही. बडोदे संस्थान 1949 साली मुंबई राज्यात विलीन झाले होते. त्या राज्याच्या सरकारने 6 जानेवारी 1954 रोजी परिपत्रक काढले: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन किंवा बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कुणालाही नव्याने प्रवेश देऊ नये. म्हणजे जोशी, पटेल, इतकेच काय, बहुतेक डिसोझा आणि परेरासुद्धा दाराबाहेर. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था कोर्टात गेली. उच्च न्यायालयाने हुकूम रद्द केला आणि 26 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. बार्न्स ही कॅथलिक शाळा नव्हे, पण निकालाचा लाभ कॅथलिक शाळांनाही मिळाला. शाळा उघडायला तेव्हा जेमतेम काही दिवस होते.

शाळांचे इतिहास रेक्टरांच्या नावांनी आणि इमारतींच्या फोटोंनी भरलेले असतात. पहिल्या वर्षी मूल काय शिकले, कशात अडखळले, याच्या नोंदी त्यात क्वचितच मिळतात. तेव्हा ज्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचे किंवा आजोबांचे इंग्रजी पहिलीचे प्रगतिपुस्तक अजून असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. त्याची एक प्रत त्यांच्या शाळेला नेऊन द्यावी.