रिटायरमेंटचा पैसा घरात घालताय? आधी हे कागद बघा, हा हिशेब करा

साखर कारखाना, एसटी, सूतगिरणी किंवा जिल्हा परिषदेची शाळा, नोकरी कुठलीही असो, निवृत्तीनंतर पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम खात्यावर येते. एवढा पैसा आयुष्यात एकदाच दिसतो. मग पहिला विचार येतो तो स्लॅबच्या घराचा. मुलाचं लग्न असतं, जुनं घर गळत असतं, भावकीतले सगळे बांधून मोकळे झालेले असतात. घर बांधायला कुणाची ना नाही. पण सगळी रक्कम विटा-सिमेंटमध्ये गेली आणि वर घरही मुलाच्या नावावर करून दिलं, तर गोळ्या-औषधाला सुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ येते. कारखान्याच्या कामगारांना मिळणारी ईपीएस-95 पेन्शन किमान 1,000 रुपये आहे. त्यात महिना निघत नाही हे सांगायला नको.

आधी महिन्याची सोय, मग स्लॅब

पोस्टात आणि बहुतेक मोठ्या बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. वय 60 पूर्ण झालेल्या कुणालाही खातं उघडता येतं. 55 ते 60 या वयात निवृत्त झालेल्यांनाही चालतं, पण निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं. कमीत कमी 1,000 आणि जास्तीत जास्त 30 लाख रुपये ठेवता येतात. मुदत 5 वर्षांची, पुढे 3 वर्षांनी वाढवता येते. 2025 मध्ये व्याजदर 8.2 टक्के होता. सरकार दर तीन महिन्यांनी दर जाहीर करतं, पण तुम्ही पैसे भरले त्या दिवशीचा दर तुम्हाला 5 वर्षं कायम मिळतो.

हिशेब असा. 15 लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी 30,750 रुपये खात्यावर येतात, म्हणजे महिन्याला 10,250. खातं नवरा-बायकोच्या नावावर जोडीने काढता येतं. तसंच काढा. मध्येच मोडलं तर कपात होते: वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच मिळत नाही, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का रक्कम कापतात.

दर महिन्याला पैसे हवे असतील तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याला 9 लाख, जोडीला 15 लाख अशी मर्यादा. 7.4 टक्क्यांनी 9 लाखांवर महिन्याला 5,550 रुपये मिळतात.

पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून अनेक जण सगळा पैसा तिथे टाकतात. इथे थांबा. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतसुद्धा. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. चेअरमन गावातला, ओळखीचा आहे म्हणून ठेव सुरक्षित होत नाही.

घर कुणाच्या जागेवर बांधताय?

गावात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जागा आजोबांच्या नावावर, तिघा भावांत तोंडी वाटणी, आणि तुम्ही तुमच्या फंडाचे 12 लाख घालून त्यावर घर बांधता. पुढे भाऊ किंवा पुतण्या उभा राहिला की घर वादात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीसाठीचा उतारा आहे, त्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. तुमच्या गावची झाली असेल तर त्यावर कुणाचं नाव लागलंय ते आधी बघा. वाटणी तोंडी असेल तर वाटणीपत्र रजिस्टर करून घ्या आणि मगच पाया खणा. बहिणींना विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे, आणि 2005 ला वडील हयात नसले तरी तो जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं आहे.

बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलगा, मुलगी, नातवंडं, पती-पत्नी यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा). स्वस्त आहे म्हणून मुलं म्हणतात, "आत्ताच करून टाका दादा, नंतर लफडी नकोत." पण बक्षीसपत्र रजिस्टर झालं की मालकी त्याच दिवशी जाते. मन बदललं म्हणून परत घेता येत नाही.

मृत्युपत्राचं तसं नाही. तुम्ही हयात असेपर्यंत घर तुमचंच. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं ते खरं. स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी केलेली बरी. आमच्या मते बहुतेक घरांसाठी हाच रस्ता ठीक आहे.

तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल तर त्यात दोन गोष्टी लिहून घ्या: दोघांनाही हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क, आणि मुलाने सांभाळ करण्याची अट. ही अट का, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर, रद्द करून मागता येते. अट नसेल तर या कलमाचा आधार मिळणं अवघड, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र कोर्टाने रद्द केलं. तिथे मुलाने सांभाळायचं लेखी दिलेलं होतं.

नॉमिनीबद्दल एक. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो पैशाचा मालक झाला असं नाही. तो पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राप्रमाणे होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. जुन्या खात्यांवर वारलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे का, ते पासबुक घेऊन एकदा तपासा.

मुलं सांभाळत नसतील तर अर्ज प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा. वकील लावायची गरज नाही. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. अर्ज कसा करायचा हे विचारायला ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन 14567 आहे.