कथा चाचणी आणि घटक चाचणी

कथा चाचणी व घटक चाचणी हे सॉफ्टवेअर चाचणीचे दोन स्तर आहेत. घटक चाचणीत प्रणालीतील एकेक ऑब्जेक्ट इतरांपासून वेगळे काढून तपासले जाते. कथा चाचणीत 'युजर स्टोरी', म्हणजे वापरकर्त्याला प्रणालीकडून करून हवे असलेले एखादे काम, आरंभापासून अखेरपर्यंत तपासले जाते.

भेदाचे स्वरूप

सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या उत्पादकासाठी मागणी नोंदवणारी प्रणाली कल्पिल्यास, वजन व दरावरून रक्कम काढणारे 'बिल' हे एक ऑब्जेक्ट ठरते. 'साठ्यात ३ किलो कुंकू असताना ५ किलोची मागणी आल्यास व्यापाऱ्यास लगेच तसे कळावे' ही युजर स्टोरी होय. साठा ग्रॅममध्ये आणि मागणी किलोत नोंदली गेली, तर दोन्ही ऑब्जेक्ट आपापल्या जागी अचूक असूनही कथा फसते. घटक चाचण्या मात्र सर्व उत्तीर्ण दिसतात.

साधने

केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिटचा आरंभ केला. घटक चाचणीची बहुतेक साधने याच कुळातील असून ती प्रोग्रामरसाठी, प्रोग्रामिंगच्या भाषेतच लिहिली जातात.

कथेचा वाचक मात्र ग्राहकही असतो. त्यामुळे २००८ मध्ये आस्लाक हेलसॉय यांनी सुरू केलेल्या कुकुम्बरमध्ये चाचणी साध्या वाक्यांत लिहितात. त्याच्या गर्किन या लेखनपद्धतीत मराठीचाही समावेश असून 'वैशिष्ट्य', 'जेव्हा', 'मग', 'आणि', 'पण' असे शब्द वापरता येतात. प्रत्येक वाक्यामागे ते अमलात आणणारा प्रोग्राम लिहावाच लागतो. हा खर्च निवडीच्या वेळी अनेकदा विसरला जातो. ब्राउझर चालवणारे सेलेनियम (२००४) हे निराळ्या प्रकारचे साधन असून ते कुकुम्बरच्या जोडीने वापरता येते.

निवड

बिलाची बेरीज, सूट, शून्य वजन यांसारख्या बाबी कुकुम्बरमध्ये तपासणे अनाठायी ठरते. चाचण्या मंदावतात आणि चूक नेमकी कोठे आहे हे कळत नाही. उलट, संपूर्ण कथा जेयुनिटमध्ये लिहिणे शक्य असते. ग्राहक चाचण्या वाचणारच नसेल, तर तेच अधिक सोयीचे. माइक कोन यांनी मांडलेल्या 'चाचणी पिरॅमिड'मध्ये घटक चाचण्या पायाशी व सर्वाधिक, तर पडद्यावरून चालणाऱ्या चाचण्या शिखराशी व मोजक्या असतात.