ताव्हेर्न (गोवा)

ताव्हेर्न हे गोव्यातील खेड्यांत व जुन्या वस्त्यांत आढळणारे लहान, बहुधा एकाच कुटुंबाने चालवलेले मद्यालय होय. काजूची फेणी, माडाची फेणी आणि उन्हाळ्यातील हुर्राक ही स्थानिक पेये येथे पेल्याने विकली जातात. इंग्लंडमधील ग्रामीण पबप्रमाणे ताव्हेर्न हेही मद्यविक्रीबरोबर गावकऱ्यांच्या रोजच्या भेटीगाठीचे ठिकाण असून दोन्हीकडे दारातील कुत्रा हा परिचित घटक आहे. पर्यटकांसाठीचे बार वाढल्यामुळे आणि परवान्याचे नियम बदलल्यामुळे पारंपरिक ताव्हेर्नचे अस्तित्व अडचणीत आले आहे.

व्युत्पत्ती
हा शब्द पोर्तुगीज भाषेतून कोकणीत व गोव्यातील मराठीत आला. त्याचे मूळ लॅटिन ‘ताबेर्ना’ म्हणजे दुकान किंवा झोपडी या शब्दात आहे. इंग्रजीतील ‘टॅव्हर्न’ हा शब्दही त्याच मुळापासून झाला. गोवा १५१० ते १९६१ या काळात पोर्तुगीज सत्तेखाली होता.

स्वरूप
ताव्हेर्न बहुधा राहत्या घराच्या दर्शनी खोलीत असते. लाकडी फळ्यांवर मांडलेल्या बाटल्या, दोन-चार बाके आणि एक छोटा गल्ला एवढाच सरंजाम असतो. काही ठिकाणी त्याच छताखाली किराणा मालही विकला जातो. मालक व गिऱ्हाईक परस्परांना नावाने ओळखतात आणि उधारीही चालते. उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे किंवा चोरिस-पाव असे साधे खाणे मिळते. पणजीच्या फोंताइन्हास परिसरासारख्या जुन्या शहरी वस्त्यांतही अशी मद्यालये आढळतात.

पेये व हंगाम
काजूचे झाड मूळ ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात भारतात आणले. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत पिकून गळालेली बोंडे गोळा करून ठेचली जातात. त्यांचा रस आंबवून भट्टीवर त्याचे ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य हुर्राक मिळतो. तो फार काळ टिकत नसल्यामुळे त्या हंगामातच संपवला जातो. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर सुमारे ४२ टक्के मद्यार्काची फेणी तयार होते. ‘फेणी’ हे नाव फेस या अर्थाच्या ‘फेन’ शब्दावरून आले, असे मानतात. माडाची फेणी नारळाच्या झाडापासून काढलेल्या सुरापासून करतात. सूर काढणाऱ्याला गोव्यात ‘रेंदेर’ म्हणतात.

गावातील काजूबागा, भट्टी आणि ताव्हेर्न ही एकाच साखळीची अंगे होत. भट्टीवाल्याला बाटलीबंद विक्रीच्या मोठ्या व्यवस्थेची गरज पडत नसे, कारण त्याचा माल शेजारच्या ताव्हेर्नमध्येच खपत असे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा शासनाने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

ताव्हेर्न आणि श्वान
गोव्यातील गावठी कुत्री पुष्कळदा एका घराची नसून संपूर्ण वाड्याची असतात. ताव्हेर्नच्या पायरीवर किंवा बाकाखाली ती पडून असतात आणि गिऱ्हाइकांच्या खाण्यातील वाटा त्यांना मिळतो. इंग्लंडमध्ये पबच्या बसण्याच्या जागेत कुत्र्याला घ्यायचे की नाही, हे मालक ठरवतो. मात्र अन्न तयार करण्याच्या जागेत त्याला प्रवेश नसतो. भारतातही अन्नसुरक्षेचे नियम स्वयंपाकाची जागा प्राण्यांपासून मुक्त ठेवण्यास सांगतात.

या सहवासातील खरा धोका रेबीजचा होता. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि गोवा शासन यांनी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांतील जनजागृती व रोगसर्वेक्षण हाती घेतले. या मोहिमेवरील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांमधील रेबीजचे उच्चाटन झाले. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित करण्यात आला. कुत्री न हटवता रोग आटोक्यात आणता येतो, हे यातून दिसून आले. तरीही कुत्रा चावल्यास तातडीने जखम साबण-पाण्याने धुऊन लस घेणे आवश्यकच आहे.

कायदा
गोव्यातील मद्यविक्री गोवा, दमण व दीव अबकारी शुल्क अधिनियम, १९६४ नुसार चालते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असून वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. त्यामुळे विदर्भातील मोहाच्या दारूला फेणीसारखे राजमान्य ग्रामीण मद्यालय लाभले नाही.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस मनाई केली. अपघात रोखणे हा तिचा हेतू होता. गोव्यातील गावे रस्त्याला लागून वसलेली असल्यामुळे अनेक छोटी मद्यालये या मनाईच्या कक्षेत आली. ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या क्षेत्रांसाठी हे अंतर २२० मीटर करण्यात आले आणि पुढे आणखी सवलती मिळाल्या.

चित्रकलेत
लोटली येथील व्यंगचित्रकार मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी ताव्हेर्नसह गोव्याचे ग्रामजीवन रेखाटले. त्यांच्या गर्दीच्या चित्रांत एखादा कुत्रा हमखास दिसतो. मुंबईतील कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरही त्यांची चित्रे आहेत.

सद्यस्थिती
बाटलीबंद फेणी आता मोठ्या शहरांत पोहोचली आहे. कांदोळी येथे २०२१ मध्ये मद्यविषयक संग्रहालयही सुरू झाले. ताव्हेर्नची पुढील पिढी मात्र अनेकदा दुसऱ्या व्यवसायाकडे वळते आणि माडावर चढणारे रेंदेरही कमी झाले आहेत. व्यसनामुळे कुटुंबांची झालेली हानी ही ताव्हेर्नच्या इतिहासाची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. फेणी हे पेय टिकले, तरी भट्टी, ताव्हेर्न आणि गाव यांना जोडणारी साखळी आपोआप टिकत नाही. वारसा दर्जा पेयाला मिळाला आहे, ते जिथे प्यायले जात असे त्या जागेला नाही.