सांधेरोपण आणि मद्यपान

सांधेरोपण आणि मद्यपान : निकामी झालेला खुबा किंवा गुडघा काढून तेथे कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आणि दारूचे अतिसेवन यांचा परस्परसंबंध. बोलीत या शस्त्रक्रियांना ‘गोळा बदलणे’ आणि ‘वाटी बदलणे’ म्हणतात. दुसरे नाव फसवे आहे. गुडघारोपणात वाटी बहुधा रुग्णाची स्वतःचीच राहते. बदलतात ते मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग. आज सर्वत्र होणाऱ्या खुबारोपणाची घडी जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात बसविली. धातूचा लहान गोळा, प्लॅस्टिकची खोबण आणि दोन्ही पक्के करणारे सिमेंट अशी त्यांची रचना होती.

दारू या शस्त्रक्रियेच्या आधीही असते आणि नंतरही. गुडघ्याचे रोपण बहुतेक करून वयामुळे झालेल्या झिजेसाठी होते. खुब्याची गोष्ट वेगळी आहे. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचविणाऱ्या रोहिण्या मोजक्या आणि बारीक असतात. वर्षानुवर्षांच्या दारूने हाडाच्या मगजातील चरबीच्या पेशी फुगतात, आतला दाब वाढतो, रक्त अडते आणि गोळ्याचा तुकडा मरतो. पुढे तो शरीराच्या भाराखाली खचतो. लोक याला ‘गोळा सुकला’ म्हणतात. अपघात वगळला, तर या विकाराची दोन मोठी कारणे म्हणजे स्टिरॉइड आणि दारू. भारतात खुबारोपणासाठी येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत हा आजार नित्याचा आहे.

या विकारासाठी किती दारू म्हणजे जास्त, याचे एक आंतरराष्ट्रीय मोजमाप 2019 मध्ये ठरले : आठवड्याला 400 मिलिलिटरहून अधिक शुद्ध अल्कोहोल, तेही सहा महिन्यांहून अधिक काळ. हा आकडा ऐकायला अवाढव्य वाटतो. पण 180 मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, बाटलीवर छापलेल्या 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे 77 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. रोज एक क्वार्टर घेणाऱ्याचे आठवड्याला 539 मिलिलिटर होतात. म्हणजे ‘फक्त एक क्वार्टर, जेवणाआधी’ सांगणारा माणूस रेषा केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

अडचण अशी, की हे सांगितलेच जात नाही. भरती करताना ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला ‘कधीमधी’ एवढेच उत्तर मिळते. शेजारी बायको आणि सासरे उभे असल्यावर दुसरे मिळायचेही नाही. प्रश्न एकट्याला, आणि ‘घेता का’ऐवजी ‘रोज किती, शेवटची कधी, सकाळी उतारा लागतो का’ असा विचारावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ या चाचणीत आठ किंवा अधिक गुण आले, तर पिणे धोक्याचे समजतात.

शस्त्रक्रियेआधी दारू सोडून खरेच फरक पडतो का? याचा चांगला पुरावा डेन्मार्कमधून आला, पण तो सांध्यांवरचा नाही. हॅने टोनेसेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, रोज किमान 60 ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्या 42 जणांचे दोन गट केले. एका गटाने डायसल्फिरामच्या आधाराने महिनाभर दारू सोडली, दुसरा पीत राहिला. नंतरची गुंतागुंत पहिल्या गटात 31 टक्के, तर दुसऱ्यात 74 टक्के होती. चाचणी लहान होती, हे खरे. पण 60 ग्रॅम म्हणजे जवळजवळ तीच एक क्वार्टर, आणि तिने बिघडणाऱ्या गोष्टी सांध्यालाही लागू पडतात : पांढऱ्या पेशींची मंदावलेली लढाई, कमी झालेल्या बिंबिका, हाड बांधणाऱ्या पेशींची सुस्ती. कृत्रिम सांध्यावर जिवाणूंनी एकदा थर धरला, की तो प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही आणि अनेकदा सांधाच काढावा लागतो. खुबारोपण बहुधा तातडीचे नसते. महिनाभर थांबता येते. मात्र रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडणेही धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत करावे लागते.

न सांगितलेल्या दारूची वसुली रुग्णालयातल्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री होते. समजा, शेवटचा पेला रविवारी रात्री झाला, सोमवारी भरती, मंगळवारी शस्त्रक्रिया. मंगळवारी सकाळी हात थरथरतात. सगळे म्हणतात, घाबरला आहे. झटके येणार असतील, तर ते बहुधा शेवटच्या पेल्यानंतरच्या 48 तासांत येतात. बुधवारी सकाळी फिजिओथेरपिस्ट वॉकर धरून उभे करतो, तेव्हा कपडे घामाने भिजलेले असतात. बुधवारी रात्री भिंतीवर किडे दिसू लागतात. रुग्ण सलाइन उपसतो, पलंगाचा कठडा ओलांडू पाहतो, नवा खुबा नको तसा आत वळतो आणि निखळतो. नातेवाईक म्हणतात, भूल अजून उतरली नाही. कोणी बाहेरची बाधा सुचवते. डॉक्टरही सोडियम, जंतुसंसर्ग आणि वेदनाशामके तपासत बसतात. ती तपासायला हवीतच, पण दारूचा प्रश्न आधी विचारलेला असता, तर ही रात्र टळली असती. या अवस्थेला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव टॉमस सटन यांनी 1813 मध्ये दिले. उपचार न झाल्यास ती जिवावर बेतते.

उपचारात बेंझोडायझेपिन गटातील औषधे मोजून देतात. यकृत खराब असेल, तर लोराझेपाम बरे पडते. थायामिन हे ब जीवनसत्त्व शिरेतून, शक्यतो ग्लुकोजच्या आधी देतात. ते कमी पडले, तर डोळ्यांची हालचाल, तोल आणि शुद्ध बिघडविणारा वेर्निके विकार होऊ शकतो. ‘थोडी पाजा, शांत होईल’ असे सांगणारा मित्र प्रत्येक वॉर्डात असतो. त्याचे ऐकू नये. ही मात्रा कोणाच्याच हिशेबात राहत नाही.

घरी गेल्यावर धोका रूप बदलतो. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांबरोबर दारू घेतली, तर श्वास मंदावतो. ट्रामाडॉलने झटक्यांची शक्यताही वाढते. पॅरासिटामॉलची नेहमीची मात्राही थकलेल्या यकृताला जड जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर दारू पडली, की रक्तस्रावाची भीती. खुबा मागच्या बाजूने उघडला असेल, तर पहिले काही आठवडे तो 90 अंशांपलीकडे वाकवायचा नाही, मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही. हे शुद्धीत पाळणेही अवघड. दोन पेगनंतर माणूस सवयीने खालीच बसतो.

व्यसनमुक्तीचे उपचार आणि शस्त्रक्रिया यांची गाठ घालताना एक खाच लक्षात ठेवावी लागते. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके लागू पडत नाहीत, म्हणून त्याची गोळी शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवितात. हे घडायचे, तर मनोविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांचे आपसांत बोलणे व्हायला हवे. पुष्कळदा तिघांचे केसपेपर वेगळे असतात. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटांची परंपरा जुनी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झाले. त्याच्या दोन संस्थापकांपैकी बॉब स्मिथ स्वतः शल्यविशारद होते. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

दारूमुळे सुकलेला गोळा अनेकदा एकाच बाजूचा नसतो. एका खुब्याच्या दुखण्यासाठी एमआरआय काढला, की दुसऱ्या, अजून न दुखणाऱ्या खुब्यातही सुरुवातीच्या खुणा दिसू शकतात. या टप्प्यावर गोळा खचलेला नसतो. हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरविण्याची लहान शस्त्रक्रिया करता येते आणि तो खुबा काही वर्षे वापरता येण्याची शक्यता असते.