तर्कक्षमता (विधी प्रवेशपरीक्षा)

कायद्याच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रवेशपरीक्षांतील एक विभाग. दिलेल्या विधानांवरून काय निघते, काय निघत नाही आणि युक्तिवाद नेमका कुठे लंगडा पडतो, हे ओळखण्याची यात परीक्षा असते. महाराष्ट्रात 2016 पासून राज्य सीईटी कक्ष बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी लॉ सीईटी घेतो. सुरुवातीच्या 150 प्रश्नांच्या पेपरात तर्काचे प्रश्न पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 40, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी 30 असत. पुढे पेपर 120 प्रश्नांचा झाला आणि हे आकडे 32 व 24 वर आले. वेळ दोन तास, माध्यम इंग्रजी आणि मराठी, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या रोहणा या गावच्या विद्यार्थ्याची तर्काशी ओळख लॉ सीईटीच्या कितीतरी आधी झालेली असते, पण ती ‘बुद्धिमत्ता’ या नावाने. शालेय शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न बुद्धिमत्ता चाचणीचे असतात. जिल्ह्यातल्या सेलुकाटे येथील नवोदय विद्यालयात सहावीला जायचे, तर निवड चाचणीच्या 80 प्रश्नांपैकी 40 मानसिक क्षमतेचे. पुढे पोलीस भरती, तलाठी भरती, स्पर्धा परीक्षा. सगळीकडे अक्षरमाला, सांकेतिक भाषा, दिशाज्ञान, नातेसंबंध आणि बैठकव्यवस्था हाच खुराक. त्यामुळे लॉ सीईटीला बसणारा मुलगा या भागात कोरा नसतो. अडचण वेगळी आहे. कोडे सोडवण्याची सवय त्याला असते. युक्तिवाद उलगडून पाहण्याची नसते, आणि कायद्याला दुसरी गोष्ट जास्त लागते.

पहिला आणि सर्वांत जड धडा म्हणजे दिलेले आणि माहीत असलेले यांची फारकत. रोहणा हे पूर्वीच्या पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वेवरचे स्थानक. त्याच मार्गावर असा प्रश्न बेतता येतो: एका मार्गावर पुलगाव, सोरटा, विरूळ, रोहणा आणि आर्वी ही पाचच स्थानके आहेत असे माना. पुलगाव पहिले, आर्वी शेवटचे. सोरटा विरूळच्या आधी येते. रोहणा सोरट्याच्या नंतर येते. तर रोहणा कितवे? गावातला कोणीही डोळे मिटून ‘चौथे’ म्हणेल, कारण पुलगावहून निघाले की विरूळ आधी लागते आणि मग रोहणा, हे त्याला पाठ आहे. पण दिलेल्या माहितीतून एवढेच ठरते की सोरटा दुसरे. रोहणा तिसरे असले, तरी एकही अट मोडत नाही. म्हणून बरोबर उत्तर ‘निश्चित सांगता येत नाही’ हेच. हाच प्रश्न क, ख, ग, घ, च अशा अक्षरांत घातला, तर तोच मुलगा तो सहसा चुकत नाही. पुलगाव आणि आर्वी या दोन नावांमध्ये काय काय आहे ते त्याला फार चांगले ठाऊक आहे, एवढाच त्याचा दोष.

दुसरा धडा आवश्यक अट आणि पुरेशी अट यांतला फरक. विधान: ‘सातबाऱ्यावर कापसाचा पेरा नोंदलेला नसेल, तर हमीभाव केंद्रावर कापूस घेतला जात नाही.’ पुढचे विधान: ‘या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर पेरा नोंदलेला आहे.’ यावरून त्याचा कापूस घेतला जाईलच, असा निष्कर्ष काढता येतो का? येत नाही. पेऱ्याची नोंद आवश्यक आहे, पुरेशी नाही. कापसात ओलावा 12 टक्क्यांहून जास्त निघाला, तर नोंद असूनही गाडी परत फिरते, हे कापूस पिकवणाऱ्या घरातल्या पोराला कुणी सांगावे लागत नाही. इथे घरचे ज्ञान उपयोगी पडते, कारण ते निष्कर्षाला अपवाद पुरवते. मात्र ‘ओलावा जास्त असेल म्हणून कापूस नाकारला जाईल’ असा पर्याय दिला, तर तोही चूकच. ओलाव्याचा शब्द विधानांत कुठेही नाही. शिकवण्यांत ‘फक्त दिलेल्यावर जा’ असे एका वाक्यात सांगून हा भाग उरकला जातो. त्यावर खरे तर आठवडा घालवायला हवा.

आवश्यक अटीलाच पुरेशी मानण्याची ही चूक भारतीय न्यायदर्शनाला फार पूर्वीपासून माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे त्या परंपरेतले प्रसिद्ध अनुमान. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे त्याचे पाच अवयव. उलट बाजूने, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे नैयायिक मान्य करीत नाहीत. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची पाठ्यपुस्तके मराठीत मिळतात. आधारविधान, निष्कर्ष, तर्कदोष या संज्ञा तिथे नीट समजावलेल्या असतात. लॉ सीईटीची तयारी करणारे मात्र ही पुस्तके क्वचितच उघडतात, बाजारातल्या गाइडांवरच भिस्त ठेवतात.

लॉ सीईटीत विधी अभियोग्यतेचा विभाग वेगळा असला, तरी त्यातले तत्त्व आणि घटना यांवरचे प्रश्न तर्काचेच भाऊबंद. तत्त्व दिलेले असते, घटना दिलेली असते, उत्तर त्या दोन्हींच्या सांध्यातून काढायचे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि पाठ केलेले कलम-क्रमांक एका रात्रीत जुने झाले. या प्रकारच्या प्रश्नांना मात्र त्याची झळ लागली नाही.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे. ती 2008 मध्ये सात विद्यापीठांपासून सुरू झाली. रोहण्याला सर्वांत जवळचे असे विद्यापीठ नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. क्लॅटमध्ये 2020 पासून सुटी कोडी मागे पडली आणि 450 शब्दांपर्यंतचे उतारे वाचून त्यांवर उत्तरे देण्याची पद्धत आली. लेखक काय गृहीत धरतो, कोणत्या माहितीने त्याचा मुद्दा खचतो, असे प्रश्न विचारले जातात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे सीईटीत चालून जाणारी अंदाजपंचे खूण इथे महागात पडते. शिवाय परीक्षा केवळ इंग्रजीत. भारतीय भाषांतून ती घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात 2023 मध्ये जनहित याचिका दाखल झाली होती. मराठी माध्यमातला विद्यार्थी इथे तर्कात कमी पडतो असे म्हणणे अन्यायाचे आहे. दोन तासांत इतके इंग्रजी वाचून होत नाही, ही त्याची खरी अडचण. वंचित घरांतल्या मुलांना या परीक्षेसाठी तयार करण्याचे काम शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेली ‘इडिया’ ही संस्था करते.

अमेरिकेतील एलसॅट ही विधी प्रवेशपरीक्षा 1948 पासून घेतली जाते. तिच्यातला ‘लॉजिक गेम्स’ हा बैठकव्यवस्थेसारख्या कोड्यांचा विभाग ऑगस्ट 2024 पासून बंद झाला. त्यामागे एका अंध उमेदवाराचा खटला होता. ही कोडी सोडवताना आकृती काढावी लागते आणि ते दृष्टिहीनांना अन्यायकारक ठरते, असे त्याचे म्हणणे होते; 2019 मध्ये त्यात तडजोड झाली. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीत बैठकव्यवस्था, नातेसंबंध आणि अक्षरमाला अजून विचारली जातात, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या काळातली जुनी सरावपुस्तके तिथे आजही कामाला येतात.