भुकटीतली काच

पावसाळ्यात लिमलेटची गोळी कागदाला चिकटते. शेजारच्या बरणीतली खडीसाखर मात्र कोरडी खडखडीत राहते. दोन्ही साखरच. खडीसाखर सावकाश जमते, तिचे कण ओळीने बसतात. गोळीचा पाक झटकन निवतो, कणांना रांग लावायला सवड मिळत नाही, आणि ते असतील तसे थिजतात. शास्त्रज्ञ याला काच म्हणतात. मी बी.ए. झालेला, शास्त्राशी ओळख दुरूनच. पण हा शब्द उपमा म्हणून वापरलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. खिडकीची काचही अशीच थिजलेली असते.

दुधाच्या भुकटीतही हीच काच असते. द्रवाचा फवारा गरम हवेत सोडून तो वाळवण्याचं पेटंट सॅम्युअल पर्सी यांनी अमेरिकेत १८७२ मध्ये घेतलं. थेंब काही क्षणांत वाळतो आणि त्यातली दुग्धशर्करा थिजून बसते. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्म्याच्या आसपास हीच साखर असते. ती पूर्ण कोरडी असेल, तर शंभर अंशांच्या आसपास तापेपर्यंत कडक राहते. हेच तिचं काच-संक्रमण तापमान. पण तिच्यात शेकडा सातच भाग पाणी शिरलं, की हा आकडा पंचवीस अंशांच्या जवळ उतरतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातच काच विरघळल्यासारखी मऊ होते. कण एकमेकांना चिकटतात, साखरेचे स्फटिक बनू लागतात, ते बनताना शोषलेलं पाणी बाहेर टाकतात, आणि त्या पाण्याने उरलेली भुकटीही बिघडते. डब्यात दगडासारखे गोळे होतात ते यामुळे.

१९५० च्या दशकात डेव्हिड पीबल्स यांनी ही खोडच कामाला लावली. भुकटीला थोडा दमटपणा देऊन कणांचे सैल पुंजके होऊ द्यायचे, साखरेचे स्फटिक बनू द्यायचे आणि मग पुन्हा वाळवायचं. अशी भुकटी थंड पाण्यातही पटकन मिसळते.

आपल्याकडे मात्र प्रश्न पोटापाण्याचा होता. खेडा जिल्ह्यातल्या म्हशी हिवाळ्यात भरपूर दूध देत, आणि ते सगळं मुंबई घेऊ शकत नव्हती. उरलेल्या दुधाचं शेतकऱ्याने करायचं काय? भुकटी हा उपाय होता. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. त्यांचा अनुभव सारा गाईच्या दुधाचा. आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी तिथल्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. या माणसाचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं.

खाद्यपदार्थांतल्या काचेवर व्हाइट आणि केकब्रेड यांचा महत्त्वाचा निबंध आला तो १९६६ मध्ये. बिस्किटापासून आइस्क्रीमपर्यंत सगळ्याला हे माप लावायला लुईस स्लेड आणि हॅरी लेव्हिन यांनी सुरुवात केली, ती १९८० च्या दशकात. तोवर आणंदच्या यंत्रांतून पंचवीसएक हिवाळ्यांचं दूध भुकटी होऊन बाहेर पडलं होतं.