अंगावरून वारं गेलं, म्हणजे नेमकं बिघडलं कुठे? मेंदू, मेरुरज्जू आणि नसांची ओळख

सकाळी उठताना एक हात उचलत नाही, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय. घरातलं मोठं माणूस म्हणतं, ‘अंगावरून वारं गेलं.’ मग हाताला गरम तेल चोळणं सुरू होतं. प्रत्यक्षात त्या हाताला काहीच झालेलं नसतं. बिघाड झालेला असतो मेंदूत, तोही बहुतेक वेळा विरुद्ध बाजूला. चोळण्यात गेलेला तास मात्र परत मिळत नाही.

मेंदू, मेरुरज्जू आणि शरीरभर पसरलेल्या नसा मिळून जी यंत्रणा होते तिला चेतासंस्था म्हणतात. तिची एक गोष्ट लक्षात ठेवली तर अनेक आजारांचा उलगडा होतो. त्रास जिथे जाणवतो, तिथेच बिघाड असेल असं नाही. लाईट घरातला जातो, पण फ्यूज उडालेला असतो खांबावरचा, तसंच हे.

‘नस’ म्हणजे कोणती?

बोलण्यात नस किंवा शीर हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. सलाईन लावताना नर्स जी शोधते ती रक्त वाहून नेणारी रक्तवाहिनी. ‘पाठीत नस दबली आहे’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा ती असते संदेश नेणारी चेता. शाळेच्या पुस्तकात ‘चेता’ हाच शब्द आहे. इथे नस म्हणजे चेता असंच समजावं.

मेंदू : वजन कमी, खर्च जास्त

मोठ्या माणसाच्या मेंदूचं वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम असतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यात अंदाजे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. या पेशींना ऊर्जा साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे रक्तपुरवठा काही मिनिटं थांबला तरी त्या मरू लागतात.

मेंदूचे तीन मुख्य भाग आहेत. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठा तो मोठा मेंदू, म्हणजे प्रमस्तिष्क. विचार, आठवण, भाषा, बघणं-ऐकणं आणि ठरवून केलेल्या हालचाली हे त्याचं काम. मागच्या बाजूला खाली लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क. तोल सांभाळणं आणि हालचालीत नेमकेपणा आणणं त्याच्याकडे. दारू जास्त झालेल्या माणसाची चाल बिघडते त्याचं एक मोठं कारण म्हणजे लहान मेंदूवर होणारा परिणाम. या दोघांना मेरुरज्जूशी जोडतो तो मस्तिष्कस्तंभ. श्वास आणि हृदयाची गती यांचं नियंत्रण इथून चालतं. म्हणूनच बोटभर जाडीच्या या भागाला झालेली लहानशी इजाही जिवावर बेतू शकते.

हालचालीचा हुकूम घेऊन जाणारे बहुतेक तंतू मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाला एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. उजव्या मेंदूत गुठळी अडकली की डावा हात-पाय लुळा पडतो, तो यामुळे.

कवटीच्या आत मेंदूवर तीन आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये पाण्यासारखा द्रव. हा द्रव मेंदूला धक्क्यापासून वाचवतो.

मेरुरज्जू : मणक्यांच्या आतली केबल

मस्तिष्कस्तंभाच्या खाली सुरू होणारी मेरुरज्जू साधारण 42 ते 45 सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड असते. ती पाठीच्या कण्यातून जाते, पण कण्याच्या टोकापर्यंत पोचत नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच ती संपते. पुढे नुसत्या नसांचा झुपका लोंबतो.

सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलं जाणारं इंजेक्शन या जागेच्या खाली देतात. ‘सुई मेरुरज्जूत घुसते’ ही अनेक बायकांच्या मनातली भीती, पण तिथे मेरुरज्जूच नसते.

मेरुरज्जू ही फक्त निरोप पोचवणारी वायर नाही. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं. हात मागे घेण्याचा निर्णय मेरुरज्जूनेच परस्पर घेतलेला असतो, मेंदूला कळतं ते मागाहून. याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

नसा : 12 आणि 31 जोड्या

मेंदूतून थेट नसांच्या 12 जोड्या निघतात. डोळे, कान, चेहरा, जीभ, गिळणं ही कामं त्यांची. मेरुरज्जूतून 31 जोड्या निघून हात-पाय आणि धडाला जातात. सगळ्यात जाड नस कमरेतून मांडीच्या मागून पायात उतरते. ती किंवा तिची मुळं दबली की सायटिका होतो, म्हणजे दुखतं पोटरीत आणि दबलेलं असतं कमरेत.

सगळ्या नसांचा वेग सारखा नसतो. जाड वेष्टनाच्या तंतूंमधून संदेश सेकंदाला 100 मीटरहून जास्त वेगाने धावतो, तर वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंमधून जेमतेम एक-दोन मीटर. उंबऱ्याला अंगठा आपटल्यावर आधी एक झटका आणि मग थांबून थांबून ठणका येतो, तो या फरकामुळे.

लक्षणावरून बिघाडाची जागा

• एकाच बाजूचा हात, पाय आणि चेहरा अचानक लुळा : बहुतेक वेळा मेंदू.

• पडल्यानंतर दोन्ही पाय हलेनात, बेंबीखाली स्पर्श कळेना : मेरुरज्जू. मान मोडली तर हातही जातात, श्वासही अडू शकतो.

• कंबरदुखीसोबत बसण्याच्या जागेला बधिरपणा आणि लघवी अडणं किंवा न कळत होणं : कण्याच्या टोकाचा नसांचा झुपका दबलेला असू शकतो. ही तातडीची केस आहे, उद्यावर टाकायची नाही.

• दोन्ही तळपायांना मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नाही : लांब नसांची झीज. मधुमेहात हे जास्त दिसतं. जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते.

• त्वचेवर बधिर चट्टा, करंगळी वाकू लागणं, कोपराजवळची नस जाड लागणं : कुष्ठरोगाची शंका घ्यावी. गोळ्यांचा कोर्स सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. लवकर सुरू केला तर बोटं वाचतात.

• रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं : मण्यारचा दंश असू शकतो. या सापाच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसतही नाही. विष नस आणि स्नायू यांच्यातला सांधा बंद पाडतं. रोगी निपचित दिसला तरी त्याला आजूबाजूचं ऐकू येत असू शकतं. वेळेत प्रतिविष आणि व्हेंटिलेटर मिळालं तर असा माणूस चालत घरी जातो.

फक्त चेहरा वाकडा झाला आणि डोळाही मिटेना, तर चेहऱ्याचीच नस सुजलेली असू शकते. पण हा फरक घरी ठरवत बसू नये.

दोन-तीन भाषा बोलणारा मेंदू

1861 मध्ये पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी दाखवून दिलं की बोलण्याचं काम मेंदूच्या ठरावीक भागाशी जोडलेलं आहे. बहुतेकांमध्ये हा भाग डाव्या बाजूला, पुढे असतो. तिथे इजा झालेल्या माणसाला शब्द सापडत नाहीत, समजतं मात्र बरंच. म्हणून ‘त्याला काय कळतंय’ असं म्हणत त्याच्यासमोर वाटेल ते बोलू नये.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड हे रोजचंच. अशा माणसाला झटका आला तर कधी एक भाषा आधी परत येते, दुसरी मागाहून. घरच्यांनी दोन्हीत बोलून बघावं, जी जमेल ती धरावी.

हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक आढळला. सगळीकडच्या अभ्यासांत असंच निघालेलं नाही. तरी दोन भाषांमुळे पोराच्या डोक्यात गोंधळ होतो, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

तुटलं तर जुळतं का?

हातापायातली नस तुटली आणि नीट जोडली तर दिवसाला साधारण 1 मिलीमीटर या वेगाने वाढू शकते. कोपरापासून बोटापर्यंत पोचायला वर्षभर लागतं. मेंदू आणि मेरुरज्जूत मात्र तुटलेले तंतू असे परत वाढत नाहीत. फिजिओथेरपीने सुधारणा होते, पण ती मुख्यतः वाचलेल्या भागाने मेलेल्या भागाचं काम शिकून घेतल्यामुळे. म्हणून वाचवायचं ते सुरुवातीलाच.

झटक्यात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्याच्या झटक्यात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. घरी ॲस्पिरिन देऊ नये, कारण रक्तस्राव असेल तर ती घात करते. पाणी किंवा चहा पाजू नये, गिळणं बिघडलेलं असलं तर तो श्वासनलिकेत जातो. माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ती वेळ लिहून घ्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि जवळच्या कुठल्याही दवाखान्यात नव्हे, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यावं.

झाडावरून, ट्रॅक्टरवरून किंवा गाडीवरून पडलेल्याला काखेत आणि पायाला धरून उचलू नये. मणका मोडला असेल तर वाचलेली मेरुरज्जू त्या एका उचलण्यात तुटू शकते. चार माणसांनी डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावं. फळी नसली तर दाराची झडप चालते.

महाराष्ट्र असो, कर्नाटक असो की गोवा, ॲम्ब्युलन्सचा नंबर 108 च आहे. तेलाची बाटली शोधण्याआधी तो फिरवावा.